लागलेलं कलम, टिकलेलं कलम

मामा सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. नोकरी बहुतेक परभणी जिल्ह्यातच, जिंतूरपासून गंगाखेडपर्यंतच्या ठाण्यांत. भाची परभणीच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते, बहुतांश वेळा आरोपीच्या बाजूनं. मामांनी जन्मभर कलमं लावली. भाची ती काढायला उभी राहते. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तेव्हापासून दोघांच्या वादाला आणखी धार चढली आहे. त्यातलाच हा एक.

मामा : कायदा नवा आला म्हणायलेत. मला तर नुसते नंबर बदललेले दिसायलेत. ५११ कलमांची ३५८ केली. खुनाचं ३०२ होतं, ते १०३ झालं. बांध मात्र आहे तिथंच, अन् त्याच्यावरची भांडणंही तिथंच.

भाची : भांडण तेच, पण त्याला कुठलं कलम लागणार हे तुमच्या ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठरतं. माझी तक्रार त्या टेबलाबद्दल आहे. पेरणीच्या तोंडावर बांध कोरला म्हणून दोन चुलतभाऊ भिडले. थापडबुक्क्या झाल्या, एकाचा ओठ फुटला. हे झालं ११५(२), साधी दुखापत. एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड. अदखलपात्र, म्हणून तुम्ही एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेता आणि कोर्टाची वाट दाखवता. त्याच झटापटीत बोटाचं हाड मोडलं की गंभीर दुखापत, ११७(२), सात वर्षांपर्यंत. आणि फिर्यादीत ‘जिवे मारण्याच्या उद्देशाने’ एवढे तीन शब्द आले की १०९. दहा वर्षं, इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. भांडण एकच, पण शिक्षा एक वर्षापासून जन्मठेपेपर्यंत कुठंही जाते.

मामा : ते तीन शब्द आम्ही घालत नाही. फिर्यादी घरूनच पाठ करून येतो. गावातला एखादा शहाणा त्याला सांगून धाडतो, की असं म्हण, नाहीतर पोलीस एनसीवर वाटेला लावतेत. आता समज आम्ही साधं कलम लावलं आणि रात्री त्यानं परत जाऊन कुऱ्हाड घातली. पेपरात नाव कुणाचं येतंय? ठाण्याचं. म्हणून वरचं कलम लावायचं, दोघा-तिघांना आत घ्यायचं, गाव थंड होतंय. कलम जास्तीचं वाटलं तर कोर्ट काढील की.

भाची : कोर्ट काढील, पण कधी? आधी दोषारोपपत्र, मग सत्र न्यायालयात वर्ग, मग आरोप निश्चिती, मग साक्षी. तोवर माणसाचे कितीतरी हंगाम तारखांत जातात. आणि मामा, जास्तीचं कलम लावून केस मजबूत होत नाही, उलट कच्ची होते. डॉक्टर साक्षीला आले की मी त्यांच्या हातात त्यांचंच जखमेचं प्रमाणपत्र देते. त्यात रकाने असतात: जखम कुठं, किती लांब, किती खोल, कशानं झाली, किती तासांपूर्वीची, साधी की गंभीर. फिर्यादी म्हणतो कुऱ्हाडीनं डोक्यात वार केला. प्रमाणपत्र म्हणतं डाव्या दंडावर खरचटलेलं, बोथट वस्तूनं, साधी. मला आवाज चढवावा लागत नाही. कुऱ्हाड खोटी ठरली की न्यायाधीशाला ओठ फुटल्याचीही शंका येते, आणि जो खरोखर मारून गेला तोही सुटतो.

मामा : सुटतो तो तुमच्या हुशारीनं नाही, साक्षीदार फितूर होतो म्हणून सुटतो. पंच म्हणतो, कोऱ्या कागदावर सही घेतली. सख्खा भाऊ म्हणतो, अंधार होता, दिसलं नाही. आम्ही उन्हातान्हात पंचनामे करावेत, अन् तिकडं लिंबाखाली बसून दोन्ही पार्ट्यांनी मिटवून घ्यावं. त्या बैठकीला तुझेच वकील बंधू असतेत.

भाची : असतात, नाही म्हणत नाही. पण ते मिटवतात कसं, ते बघा. ११५(२) मध्ये कायद्यानंच तडजोडीची मुभा आहे. ११७(२) मध्येही कोर्टाच्या परवानगीनं मिटवता येतं. १०९ ला मात्र तडजोड नाही. तुम्ही वरचं कलम लावलं की समेटाचा कायदेशीर दरवाजा बंद होतो. भावकीला तर उद्या एकाच विहिरीवरून पाणी घ्यायचंय. मग एकच वाट उरते, शपथेवर खोटं बोलायचं. तुमचे निम्मे फितूर साक्षीदार त्या जादा कलमानं तयार केलेले असतात.

मामा : हे जरा ओढूनताणून झालं. पैसे घेऊन फिरलेलेही मी पाहिलेत.

भाची : तेही असतात. मी सगळे म्हटलं नाही.

मामा : बरं, तुमच्या बचावाचं बोल. तो ठरलेला असतोय. एक तर आरोपी तिथं नव्हताच, लग्नाला परगावी गेलता. नाहीतर म्हणे, त्यांनीच आधी मारलं.

भाची : दुसरा बचाव हलका समजू नका. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात ३४ ते ४४ या कलमांत लिहिलेला आहे. स्वतःचा जीव, दुसऱ्याचा जीव, मालमत्ता, सगळ्यासाठी. पण त्याला दावं बांधलेलं आहे. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही. संरक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. समोरचा पळत सुटल्यावर मागं धावून पाठीत काठी घातली, तर ते संरक्षण राहत नाही, सूड होतो. अशिलाला हे सांगितलं की त्याला वाटतं मी त्याच्या विरोधात गेले.

मामा : अन् दारू? दर दुसरा म्हणतो, साहेब, शुद्धीत नव्हतो.

भाची : स्वतः होऊन प्यायला असेल तर कलम २३ त्याच्या कामाचं नाही. ते दुसऱ्यानं नकळत किंवा जबरदस्तीनं पाजलेल्यासाठी आहे. वेडाचा बचाव २२ मध्ये आहे, पण घटनेच्या क्षणी आपण काय करतोय हेच कळत नव्हतं, हे आरोपीनं दाखवायचं असतं. घरच्यांनी ‘तो जरा तसाच आहे’ म्हणून भागत नाही, उपचाराचे कागद लागतात. सात वर्षांखालच्या मुलाला गुन्हाच लागत नाही. असे सगळे अपवाद १४ व्या कलमापासून पुढं आहेत, पण परभणीच्या कोर्टात जास्त चालतो तो स्वसंरक्षणाचाच, कारण भांडणात दोन्हीकडं लागलेलं असतं. तिथं तुमचं ठाणं चुकतं. फिर्यादीला तुम्ही सरकारी दवाखान्यात पाठवता. आरोपीच्या कपाळावर टाके असले तरी दोषारोपपत्रात त्याचा उल्लेख नसतो. मग मी विचारते, या जखमा कशानं झाल्या? सरकार पक्षाकडं उत्तर नसतं. आरोपीच्या जखमा लपवल्या की घटना सांगितली तशी घडली नाही, असं कोर्टाला वाटणं साहजिक आहे.

मामा : दोन्ही बाजूंच्या फिर्यादी घेतल्या की लोक म्हणतेत, पोलिसांनी दोन्हीकडून खाल्लं.

भाची : म्हणू देत. निदान कोर्टापुढं पूर्ण भांडण तरी येतं, अर्धं येत नाही.

मामा : लोकांच्या भांडणाचं झालं, आता आमचं बघ. बंदोबस्तात आमच्या पोराची कॉलर धरली तर? पूर्वी ३५३ होतं. राज्य सरकारनं २०१८ मध्ये त्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली, खटला सत्र न्यायालयात नेला. नव्या संहितेत ते १३२ झालं अन् परत दोन वर्षांवर आलं. राज्यानं केलेली दुरुस्ती जुन्या कायद्यासोबत गेली. आता कोण घाबरंल आम्हाला?

भाची : पाच वर्षांची भीती होती तेव्हा कॉलर धरणारे कमी झाले होते का? ठाण्यात जरा मोठ्यानं बोलला, म्हणून ३५३ लावलेली प्रकरणं मी चालवलीत. शिक्षा वाढली की कलमाचा मोह वाढतो. आपल्याकडं काही झालं की आधी शिक्षा वाढवायची मागणी होते. विधिमंडळानं शक्ती विधेयक मंजूर केलं, बलात्काराला फाशीपर्यंत तरतूद केली. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, कायदा झालाच नाही. अपघात करून पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षं, हे १०६(२) मध्ये लिहिलं. जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकवाले रस्त्यावर आले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि जुलैमध्ये बाकी संहिता लागू झाली तेव्हा तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं. उलट ज्या सुधारणांनी रोजच्या कामात फरक पडतो त्यांची चर्चा होत नाही. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर आता तुरुंगाऐवजी समाजसेवा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञ घटनास्थळी आला पाहिजे.

मामा : तज्ज्ञ येईपर्यंत घटनास्थळावरून अर्धं गाव चालून जातं, ते कोण बघतंय? पण चित्रीकरणाचं मला पटतं. पंच उलटला तरी मोबाईल उलटत नाही.

भाची : मग आपण एका बाजूला आलो की.

मामा : एवढ्यात नको. मानवतचं प्रकरण आठव. १९७२ ते १९७४, बायका-पोरींचे खून, गुप्तधनासाठी नरबळी म्हणून. दिवस मावळला की मानवतात लोक दारं लावून घ्यायचे. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले, तेव्हा तपास लागला. सत्र न्यायालयानं फाशी दिली. अन् ज्यांना सगळ्याचं मूळ मानलं ते दोघं वरच्या कोर्टातून सुटले. काहींना फाशी झाली, ती हाताखालच्यांना. हा तुमचा न्याय?

भाची : राग येण्यासारखंच आहे. पण सुटले ते दयेनं नाही. त्यांनी कट केला हे सिद्ध करायला पुरावा कमी पडला. गुन्ह्यात सामील असलेल्यानंच दुसऱ्याचं नाव घेतलं, तर त्याच्या जोडीला स्वतंत्र पुरावा लागतो. पोलिसांपुढचा कबुलीजबाब तर पुराव्यात चालतच नाही, पूर्वीही नव्हता आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नंही चालत नाही. आरोपीनं दाखवून दिलेली वस्तू सापडली, तर त्या सापडण्यापुरतं त्याचं बोलणं चालतं. तुमचा मेमोरँडम पंचनामा तोच. हा नियम नसता तर काय झालं असतं, ते तुम्हीच सांगा. वर्दीतला माणूस मेहनतीनं पुरावा शोधेल, की कोठडीत बसून कबुली काढेल?

मामा : प्रत्येक जण तसा नसतो.

भाची : नसतो. कायदा तसल्यासाठीच लिहावा लागतो. आणि नरबळीबद्दल म्हणाल, तर महाराष्ट्राला अघोरी प्रथांविरुद्ध स्वतंत्र कायदा करायला २०१३ उजाडलं. आता मांत्रिकानं तसं काही सुरू केलं, तर खुनाची वाट न बघता गुन्हा दाखल होतो. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. मानवतला असा कायदा असता तर पहिला जीव जाण्याआधी ठाण्याला हात घालता आला असता.

मामा : आता गोदावरीकाठचं बघ. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी. रात्री वाळूचे टिप्पर धावतेत. तलाठी आडवा गेला तर त्याच्या अंगावर घालतेत. साक्ष द्यायला एक माणूस येत नाही. मग तडीपारी लागते, एमपीडीए लागतो. दोन वर्षं जिल्ह्याबाहेर, नाहीतर वर्षभर स्थानबद्ध. तिथं तरी तुझ्या साक्षीदाराची अडचण नाही.

भाची : अडचण नाही, कारण खटलाच नाही. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ५६ म्हणतं, की साक्षीदार भीतीनं उघड पुढं येत नसतील तर हद्दपार करता येतं. ती भीती खरी असते हे मला मान्य आहे. पण मग आदेशात ते दिसलं पाहिजे. जालन्याच्या एका माणसाला दोन वर्षं तडीपार केलं होतं. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२२ मध्ये तो आदेश रद्द केला. हा अपवादात्मक उपाय आहे, आणि कमाल दोन वर्षंच का, याचा विचार आदेशात दिसत नाही, असं म्हटलं. साचा तोच ठेवून नाव बदललेले आदेश मी पाहिलेत. कागद घाईत केला म्हणून खरा वाळूमाफिया दोन महिन्यांत परत नदीवर.

मामा : हे मात्र होतं. वरून आकडा मागतेत, मग खालून साचा निघतो.

भाची : आता १० डिसेंबर २०२४ चं बोलू. तुम्ही टाळता, म्हणून मीच काढते.

मामा : टाळत नाही. स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ. शहर पेटल्यावर पोलिसांनी बघत बसायचं का?

भाची : नाही. दंगलीला कलम १९१ आहे. ज्यानं दगड मारला त्याच्यावर ते लावा, पुरावा आणा, शिक्षा करा. पण त्यात धरलेला सोमनाथ सूर्यवंशी, वकिलीचं शिक्षण घेणारा ३५ वर्षांचा तरुण, पोलीस कोठडीतून न्यायालयीन कोठडीत गेला आणि १५ डिसेंबरला मेला. सरकारनं सभागृहात सांगितलं की मारहाण झाली नाही. शवविच्छेदनाच्या कागदावर कारण होतं, अनेक जखमांमुळं बसलेला धक्का. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली. अहवाल पोलिसांकडं बोट दाखवणारा निघाला. पण अहवाल आल्यावर पुढं काय, हे त्या कलमात लिहिलेलंच नाही. आईला उच्च न्यायालयात जावं लागलं. औरंगाबाद खंडपीठानं ४ जुलै २०२५ ला आठवडाभरात गुन्हा नोंदवायला सांगितलं. त्याविरुद्ध राज्य सुप्रीम कोर्टात गेलं, ३० जुलैला ते फेटाळलं. थापडबुक्क्यांच्या फिर्यादीत तीन शब्दांवर १०९ लागतं, आणि इथं शवविच्छेदनाचा कागद असून गुन्हा नोंदवायला सात महिने.

मामा : मी त्या वेळी नोकरीत नव्हतो, तरी मान खाली जाते. पण एक सांगतो, तुला आवडो न आवडो. कुठल्या शिपायानं काय केलं, कोण त्या खोलीत होतं, हे सिद्ध झालं पाहिजे. नुसतं पोलीस आहे म्हणून गुन्हेगार, असं चालणार नाही.

भाची : मला पूर्ण मान्य आहे. त्या पोलिसांनाही गप्प राहण्याचा हक्क आहे, वकील घेण्याचा हक्क आहे, संशयाचा फायदा आहे. त्यांचा बचाव माझ्यासारखाच कुणीतरी करील, आणि नीट करावा. मी तेच म्हणतेय, की आरोपीचे हक्क चोर-दरोडेखोरांसाठी राखून ठेवलेले नाहीत. ज्याच्यावर बोट उठलं त्या प्रत्येकाचे आहेत, वर्दीतल्याचेही.

मामा : ख्वाजा युनूसचं तरी काय झालं? तोही आपल्या परभणीचाच.

भाची : त्या प्रकरणात कागदानं काय होतं ते कळतं. घाटकोपर बॉम्बस्फोटात डिसेंबर २००२ मध्ये धरला, सॉफ्टवेअर इंजिनिअर. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी लिहिलं, की औरंगाबादकडं नेताना गाडी उलटली आणि तो पळाला. सोबतचे आरोपी म्हणाले, त्याला कोठडीत मारलं. मृतदेह आजवर मिळाला नाही, म्हणून शवविच्छेदन नाही. त्या स्फोटाच्या खटल्यातले बाकीचे आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. त्याच्या मृत्यूचा पोलिसांवरचा खटला मात्र वर्षानुवर्षं रेंगाळला. २०२४ मध्ये निदान शवविच्छेदनाचा अहवाल होता आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी होती, म्हणून सोमनाथच्या आईला उच्च न्यायालयात उभं राहायला जागा मिळाली.

मामा : म्हणजे तुझं म्हणणं, सगळं कागदावर आहे.

भाची : पहिल्या दिवसाच्या कागदावर. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक गरजेची नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची नोटीस. अटक केलीच तर नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढं हजर करणं. वरळीच्या अपघाताच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं, की अटकेची कारणं आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी द्यायची, आणि रिमांडच्या निदान दोन तास आधी. ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण दीड वर्ष जपा, हे तर २०२० मध्येच सांगितलंय. यातलं काहीही आरोपीला सोडून देण्यासाठी नाही. हे कागद नीट असले की तुमचं कलम टिकतं, आणि ते खोटं असलं तर माझा अशील सुटतो.

मामा : बोलायला सोपं आहे. ठाणे अंमलदार एकटा असतो. समोर रडणारी बाई, फोनवर पुढारी, बाहेर मोर्चाचा बंदोबस्त, हातात चार तपास. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं ना, तपासाचे पोलीस वेगळे अन् बंदोबस्ताचे वेगळे करा म्हणून? सकाळी उरुसाच्या बंदोबस्तात उभा असलेला माणूस रात्री पंचनामा लिहितोय. त्याचा कागद कसा खरा होणार?

भाची : तुमच्या बाजूचा हा सगळ्यात खरा मुद्दा आहे, आणि आमच्या वकील संघानंही तो मांडला पाहिजे. तरीही थकलेल्या माणसानं जास्तीचं कलम का लावावं, याचं उत्तर त्यात नाही.

मामा : रात्रीपुरतं गाव शांत ठेवायला लावतो. अजूनही लावीन.

भाची : आणि मी सकाळी जामिनाचा अर्ज टाकीन.

मामा : टाक. पण उद्या गावाकडं आपल्याच बांधावर डोकं फुटलं, तर कुणाचं वकीलपत्र घेशील?

भाची : घरच्या भांडणात कुणाचंच नाही. पण सांगीन, की आधी दवाखाना, मग ठाणं. फिर्यादीत घडलं तेवढंच सांगायचं, कुऱ्हाड नसेल तर कुऱ्हाड म्हणायचं नाही. सही करायच्या आधी वाचून घ्यायचं, एफआयआरची प्रत फुकट मिळते ती मागून घ्यायची, आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवायचं बंधन पोलिसांवर आहे, ते ध्यानात ठेवायचं.

मामा : अन् समोरच्यालाही दवाखान्यात न्यायला सांग. त्याचे टाके कागदावर आले नाहीत, तर तुझ्यासारखी एखादी उभी राहील आणि आपलं खरं कलमसुद्धा पाडून टाकील.